उत्खननावरच्या काकांना जाहीर आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर पाठवते आहेच, पण सगळ्यांना वाचता येईल असं उघडपणेही लिहिते आहे. तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, कारण माझा अपमान चारचौघांतच झाला होता. तो तुम्ही केला नव्हता, तुम्ही तो धुऊन काढलात. तुम्ही खणायला होतात आणि मी शिकायला आले होते, ते उत्खननाचं शिबिर संपून बरेच दिवस झाले, तरी त्याबद्दल बोलायला लागले की अजून घसा दाटतो. म्हणून लिहिणंच बरं.

तुमच्याकडे येण्याआधी मी आणखी एका प्रशिक्षण शिबिराला जाऊन आले होते, हे तुम्हाला अर्धवटच सांगितलं होतं. आज पूर्ण सांगते. ते कुणी भरवलं होतं ते लिहीत नाही. लिहिण्याइतका मान त्यांना द्यायचा नाही. उत्खननाच्या पद्धती शिकवू, असं सांगून आम्हाला नेलं. गेल्यावर मुलांना ट्रेंचमध्ये, म्हणजे खणायच्या चरात, उतरवलं आणि आम्हा मुलींना खापरं धुवायला बसवलं. सकाळी टब, दुपारी टब, संध्याकाळी वाळलेल्या खापरांवर शाईने नंबर. ट्रेंचमध्ये कधी उतरायचं, असं विचारलं की 'तिथे गर्दी नको', 'ऊन सोसणार नाही तुम्हाला' अशी उत्तरं. नागपूरच्या मुलींना ऊन सोसणार नाही! आम्ही मे महिन्यात सक्करदऱ्याहून सायकलने क्लासला जायचो. शेवटच्या दिवशी मात्र एकेकीला खाली उतरवून, हातात दुसऱ्याची खुरपी देऊन फोटो काढले आणि प्रमाणपत्रं वाटली. तो फोटो मी फोनमधून पुसून टाकला आहे.

खापरं धुणं हे हलकं काम नाही, हेही मला तुमच्याकडेच कळलं. मडक्याच्या खांद्यावर कुणी टोकदार वस्तूने ओढलेली खूण असते, ती मातीखाली लपलेली असते, म्हणून ब्रश आधी तिथे लावायचा नाही, बोटाने चाचपायचं. हे सांगायला तुम्हाला कितीसा वेळ लागला? तिकडे आम्ही इतकी खापरं धुतली, एकानेही सांगितलं नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशा ठिकाणी मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. लोहयुगातली, इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातली ही दफनं. काटोल रस्त्यावरून जाणारे कितीतरी लोक जुनापाणीच्या दगडांकडे बघतही नाहीत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं. काही दगडांवर वाटीएवढे कोरलेले खळगे आहेत, तेही त्याने नोंदवले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरीला खणलं. लोखंडाची हत्यारं, घोड्याच्या अंगावरचे तांब्याचे दागिने, मणी असं काय काय निघालं. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. आपल्या जिल्ह्यात, आपल्या शेतांच्या बांधाला लागून हे सगळं आहे.

असंच एक वर्तुळ आमच्या वाट्याला आलं होतं. वर्तुळाचे चार भाग करायचे, मधे अधिक चिन्हासारखे बॉक, म्हणजे न खणलेल्या मातीचे पट्टे, सोडायचे आणि समोरासमोरचे दोन भाग आधी खणायचे. म्हणजे दोन्ही दिशांनी मातीचे थर उभे कापलेले दिसतात. पुस्तकात हे सगळं असतं. पण थर बदलला हे कसं ओळखायचं, ते पुस्तकात नीट सापडत नाही. तिथे तुम्ही भेटलात.

पहिल्या दिवशी तुम्ही मला 'मॅडम' म्हणालात आणि खुरपी पुढे केलीत. मी दोन्ही हातांनी घेतली. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "दाबू नका. ओढा. आन् कान द्या." मुरमावर खुरपी कराकरा वाजते, काळ्या मातीत ती गप्प होते, आणि भरावाच्या सैल मातीत तिचा आवाज पोकळ येतो. मी कितीतरी वेळ काही न शोधता नुसती ऐकत बसले. सर आले, त्यांनी विचारलं काय चाललंय, तर तुम्हीच उत्तर दिलंत, "शिकून राहिली ना सर." त्यानंतर तुम्ही मला मॅडम म्हणणं सोडलंत आणि बाई म्हणायला लागलात. मला ते फार आवडलं.

आता त्या बांगडीबद्दल. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट हीच.

काळी-तांबडी खापरं निघत होती त्याच खोलीवर मला हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. माझी आजी वापरायची तसल्याच बांगडीचा. दोन हजार वर्षांहून जुन्या थरात ती आली कशी? एका सहकाऱ्याने लगेच निकाल दिला की काळ्या मातीच्या भेगेतून वरून पडली असेल. असं होतं, खरंच होतं. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात, त्यातून वरच्या वस्तू खाली जातात आणि पावसात भेग मिटली की खाली अडकून राहतात. मला ते पटेना, पण का पटत नाही ते सांगता येईना. सेक्शनची, म्हणजे थर दिसावेत म्हणून उभी कापलेली, भिंत उन्हाने वाळून एकसारखी राखाडी झाली होती. मी डोळे ताणून बघत होते. काही दिसत नव्हतं.

दुपारची वेळ होती. पाण्याचा टँकर आलेला नव्हता. तुम्ही काही न बोलता तुमची प्यायच्या पाण्याची बाटली उघडलीत, ओंजळीत पाणी घेतलंत आणि अंगणात सडा टाकावा तसं त्या भिंतीवर शिंपडत गेलात. वरपासून खालपर्यंत, बेताने, माती ओघळणार नाही असं. आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंतीला रंग आले. वर नांगरटीची भुरकट माती, खाली गडद काळा थर, त्याखाली पिवळसर मुरूम. आणि या सगळ्यांना तिरपा छेद देत, नांगरटीच्या अगदी खालून निघून मुरमापर्यंत गेलेला एक पट्टा. त्या पट्ट्यात काळ्या मातीत मुरमाचे खडे मिसळलेले होते. भेग इतकी रुंद नसते आणि भेगेत मुरूम खालून वर येत नाही. कुणीतरी वरून खड्डा खणला होता, मुरमापर्यंत गेला होता आणि निघालेली सरमिसळ माती परत आत लोटली होती. धन सापडेल या आशेने अशी वर्तुळं लोक खणत आलेत, असं तुम्ही नंतर म्हणालात.

मला वाटलं, आता तुम्ही रेघ माराल. सेक्शनवर थरांच्या आणि खड्ड्यांच्या कडा टोकदार वस्तूने आखून घेतात, मग लेबलं खोचतात, मग रेखाटन होतं. ज्याला दिसतं तो रेघ मारतो. तुम्हाला माझ्या आधी दिसलं होतं, ते तुम्ही पाणी कुठे शिंपडलंत त्यावरूनच कळत होतं. तुम्ही खिशातला खिळा काढलात, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "रेघ तूच मार, बाई. तुले दिसली ना?"

मी मारली. पाणी सुकायच्या आत मारायची होती, म्हणून घाईने मारली, पण सरळ मारली. मग सरांना बोलावलं. त्यांनी खाली बसून बघितलं, बोटाने पट्ट्यातली माती टोकरली आणि वहीत 'खड्डा' असं लिहायला सांगितलं. त्या खड्ड्यातली सगळी खापरं वेगळ्या पिशवीत गेली. नाहीतर ती वर्तुळाच्या खापरांत मिसळली असती, आणि पुढे कुणीतरी त्यावरून काहीबाही निष्कर्ष काढले असते. उत्खननात एकदा उचललेली माती परत जागेवर ठेवता येत नाही. जे त्या वेळी दिसलं नाही, ते कायमचं गेलं.

दुपारी जेवताना तुम्ही शेजारच्या ट्रेंचमधल्या पोरांकडे घोटभर पाणी मागितलंत, ते मी पाहिलं. माझी बाटली पुढे केली तर म्हणालात, "तू पी, तुले अजून भिंत पाहाची हाय." काका, आजवर मला कितीतरी लोकांनी शिकवलं आहे. प्यायचं पाणी शिकवण्यावर खर्च करणारे तुम्हीच.

त्या खिळ्याबद्दल मी खूप विचार केला आहे. रेघ मारणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. हा थर इथे संपतो, हा खड्डा इथून सुरू होतो, असं जबाबदारीने म्हणणं आहे ते. मॉर्टिमर व्हीलर 1944 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी तक्षशिलेला विद्यार्थ्यांना शिकवायला घेतलं, ते हेच. उभे थर वाचा, त्यांना क्रमांक द्या, मग बोला. आमच्या वर्गात त्यांचं नाव पहिल्याच आठवड्यात येतं. पण तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक ट्रेंचमध्ये तुमच्यासारखी माणसं उभी आहेत, ज्यांना रेघ आधी दिसते आणि जी ती मारत नाहीत, कारण त्यांना कुणी मारायला सांगत नाही. तुम्हाला इतक्या वर्षांत कुणी खिळा दिला का? तरी तुम्ही तो माझ्या हातात दिलात. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला देताना माणसाचा हात आखडतो, हे मी पाहिलेलं आहे, शिकलेल्या माणसांत जास्त पाहिलेलं आहे. तुमचा आखडला नाही.

प्रबंधासाठी विदर्भातल्या उत्खननांचे अहवाल वाचते आहे. विद्वत्तेने भरलेले आहेत ते, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण मी मुद्दाम शोधलं की घमेलं उचलणाऱ्यांची नावं कुठे सापडतात का. मी वाचलेल्या पानांत बहुतेक ठिकाणी 'मजूर' या एका शब्दात सगळे बसवलेले दिसले. रामटेकजवळच्या नगरधनला वाकाटकांच्या प्रभावतीगुप्त राणीच्या नावाचा मातीचा ठसा निघाला, ब्राह्मी अक्षरांतला. सुमारे सोळाशे वर्षं ते नाव मातीत टिकलं. तो ठसा ज्या मातीत होता, ती माती कुणी खरवडली असेल, कुणी चाळली असेल? राणीचं नाव आपल्याला मिळालं याचा मला आनंद आहे, पण त्या चाळणीमागच्या हातांचं नाव मला हवं आहे. हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं, तुम्हाला भेटल्यावर सुचलं.

आणि नाव फक्त तुमचं नको आहे, त्यांचंही हवं आहे. चाळणीवर बसणाऱ्या दोन्ही मावश्या, ज्यांनी इवलासा गारगोटीचा मणी खड्यांतून वेचून काढला आणि 'पाय वो, भोक हाय याले' म्हणत माझ्या तळहातावर ठेवला. डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा न विचारता माझ्यापुढे सरकवला. सरांचेही आभार मानते. तुम्ही बोललात की ते ऐकून घ्यायचे, आणि 'काका म्हणतात म्हणजे एकदा बघूच' असं सगळ्यांसमोर म्हणायचे. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने एवढं केलं तरी शिबिराची हवा बदलते. तिथे मुलगा-मुलगी, शिकलेला-न शिकलेला असा भेद आम्हाला जाणवला नाही, आणि त्यासाठी कुणी भाषण केलं नाही.

काम संपलं तसे तुम्ही मृग बहाराची संत्री तोडायला गेलात. हंगाम संपला की रोजी संपते, हे मला माहीत आहे. माझ्या वर्गातल्या कुणाला पुढे कामावर तुमची गरज लागली तर मी त्यांना तुमचा पत्ता देणार आहे, आणि सांगणार आहे की काकांना रोजी द्याल तेव्हा कुशल कारागिराची द्या.

आता एक काम आहे. प्रबंध पुढच्या महिन्यात बांधणीला जातो. त्या सेक्शनच्या आकृतीखाली 'खड्ड्याची कड प्रथम ओळखली' असं लिहून पुढे तुमचं नाव घालायचं आहे. सरांनी होकार दिला आहे. हजेरीपटावर तुमचं नाव अर्धंच आहे. वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, तुम्हाला हवं तसं पूर्ण नाव नातीला सांगून मला पाठवायला सांगा. दोन्ही मावश्यांचीही पाठवा. पंधरा तारखेच्या आत मिळालं तर बरं होईल.

तुमची,
ट्रेंचमधली बाई
नागपूर