नुरा कुस्ती आणि चहाची किटली

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडहून आलेला तुझा लांबलचक मेसेज आईनं मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्या मोबाइलवर अंगठ्यानं मला इतकं लिहिणं जमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. आई फोटो काढून पाठवेल.

‘चार महिने झाले, शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दल मला एवढंच कळलंय की त्याला चहात दोन चमचे साखर लागते,’ हे तुझं वाक्य ऐकून आईनं पदर डोळ्याला लावला. मी मात्र त्याच्या पुढच्या ओळीवर अडकलो. हाच माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून कुठलंसं जुनं रेल्वे इंजिन बघायला क्रू नावाच्या गावाला गेला, आणि दुसऱ्या दिवशी ते सांगताना त्याचे कान लाल झाले होते, असं तू लिहिलंयस. अगं, मग बोलला की तो! तू काय केलंस? ‘ओह, नाइस’ म्हणून लॅपटॉपमध्ये डोकं घातलंस ना? मला खात्री आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं.

मी स्टॅफर्डला उतरलो १९८१ च्या मार्चमध्ये. इंग्लिश इलेक्ट्रिकचा जुना कारखाना, ट्रान्सफॉर्मरचं टेस्टिंग, दोन वर्षांचं प्रशिक्षण. राहायला एका विधवा बाईंच्या घरी माडीवरची खोली. बाई मूळच्या हॅन्लीच्या, सगळी उमर पॉटरीत बशांवर फुलं रंगवण्यात गेलेली. पहिले तीन आठवडे आमचं बोलणं म्हणजे ‘पाऊस आहे’ आणि ‘पाऊस थांबला’. शनिवारी दुपारी चारला मात्र त्या गॅसची शेगडी पेटवायच्या, विणकाम मांडीवर घ्यायच्या आणि टीव्ही लावायच्या. आयटीव्हीवर ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ लागायचं, त्यात चार ते पावणेपाच कुस्ती. मग फुटबॉलचे निकाल.

कुस्ती म्हटल्यावर कराडचा माणूस माडीवर कसा बसेल? खाली येऊन बघतो तर काय! बिग डॅडी नावाचा एक गृहस्थ, छाती ६४ इंच, पोट त्याहून पुढे, अंगात चकचकीत लिओटार्ड. त्याचा पहिला लिओटार्ड बायकोनं सोफ्याच्या कापडातून शिवला होता. खरं नाव शर्ली, म्हणजे चक्क बाईचं. समोर जायंट हेस्टॅक्स, जवळजवळ सात फूट उंच, दाढी म्हणजे विस्कटलेली गंजी. डाव म्हणशील तर पोटानं ढकलणं आणि अंगावर धप्पकन पडणं. ना खडाखडी, ना ढाक, ना कलाजंग. त्याच जूनमध्ये वेम्ब्लीला त्या दोघांची मोठी लढत झाली, ती तीन मिनिटंसुद्धा चालली नाही. आपल्याकडे हलगीवाल्याचं कातडं तापेपर्यंत तेवढा वेळ जातो.

मी शहाणपणानं म्हणालो, ‘‘बाई, ही नुरा कुस्ती आहे. सगळं ठरवून चाललंय.’’ नुराला इंग्रजी शब्द काय वापरला ते आता आठवत नाही, पण पोचला बरोबर. सुया थांबल्या. त्या दिवशी चहा झाला नाही. पुढचे दोन शनिवार मला ‘पाऊस आहे’सुद्धा ऐकायला मिळालं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दारावर टकटक केलं. हातात दोन तिकिटं, हॅन्लीच्या व्हिक्टोरिया हॉलची. बसमध्ये बसल्यावर समोर बघत म्हणाल्या, ‘‘खोटं आहे ते मला कळतं. बशीवरचं फूल काय खरं असतं?’’

त्या हॉलमध्ये मी जे पाहिलं ते टीव्हीवर दिसत नसे. पहिल्या दोन रांगा भरल्या होत्या साठी उलटलेल्या बायकांनी. चर्चला जाताना घालायचे कोट, मांडीवर पर्स, हातात छत्री. त्यांच्या कुस्तीत एक सज्जन असतो, त्याला ते ‘ब्लू-आय’ म्हणायचे, आणि एक दुष्ट. दुष्टानं पंचाची पाठ वळल्यावर सज्जनाच्या डोळ्यात बोट घातलं, तशी आमच्या बाई उठल्या. माझ्याशी तीन महिन्यांत तीन वाक्यं बोललेल्या त्या बाई! दोरांपर्यंत गेल्या आणि दुष्टाच्या पोटरीवर छत्रीचा असा सणसणीत फटका दिला की छत्रीची एक काडी वाकली. ती काडी त्यांनी कधीच सरळ करून घेतली नाही. पावसात त्या बाजूनं खांदा भिजायचा, भिजू द्यायच्या.

परतताना मी त्यांना खाशाबांची गोष्ट सांगितली. आमच्या शेजारच्या गोळेश्वरचा माणूस, १९४८ च्या ऑलिंपिकला तुमच्या लंडनला आला होता, तांबड्या मातीत वाढलेला, गादीची सवय नाही, तरी फ्लायवेटमध्ये सहावा आला. आणि पुढं १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन गेला. बाईंनी अगदी मन लावून ऐकलं. मग विचारलं, ‘‘म्हणजे तो चांगल्या बाजूचा होता की वाईट?’’

मी म्हटलं, चांगल्या.

तिथून पुढं दोन वर्षं माझा चहा कधी चुकला नाही. टीव्हीवरची ती कुस्ती पुढं १९८८ मध्ये बंद झाली. मी तेव्हा कोयनेच्या पोफळी वीजघरात होतो. बाईंच्या नाताळच्या कार्डावर त्या वर्षी एकच ओळ होती: शनिवारी आता करमत नाही.

आता तुझ्या त्या इंजिनवाल्याकडे येतो. टेस्ट बेडवर माझा जोडीदार असाच होता. हा इंजिनं बघत हिंडायचा छंद वाढवला तो इयन ॲलन नावाच्या वॉटर्लूच्या रेल्वे कचेरीतल्या एका तरुण कारकुनानं. लोक सारखे पत्रं लिहून इंजिनांची माहिती विचारतात म्हणून त्यानं १९४२ मध्ये इंजिनांच्या नंबरांची एक बारकी पुस्तिका छापली. झालं! पोरं पुस्तिका घेऊन रुळांकडेला उभी राहायला लागली. टॅमवर्थला तर त्यांनी असा उच्छाद मांडला की शेवटी त्यांचा क्लब काढून त्यांना शिस्त लावावी लागली. नियम साधा: इंजिन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि पुस्तिकेतल्या नंबराखाली रेघ मारायची. ‘कॉप’ केलं म्हणतात त्याला. माझा जोडीदार बेंचवरची सहा इंची पोलादी पट्टी लावून रेघ मारायचा, ट्रान्सफॉर्मरच्या ड्रॉइंगवर मारतात तशी. मला वाटायचं, एवढा हुशार माणूस, आणि हे काय पोरकट!

१९८२ च्या जानेवारीत, २ तारखेला शनिवारी, डेल्टिक इंजिनांची शेवटची गाडी किंग्ज क्रॉसहून एडिंबरोला जाऊन परत आली. तीन हजार तीनशे अश्वशक्तीची डिझेल इंजिनं, सगळी मिळून बावीस, निम्म्यांहून जास्त नावं पलटणींची आणि उरलेली शर्यतीच्या घोड्यांची. सोमवारी हा कामावर आला तो डोळे सुजवून. मी विचारलं, घरी कुणी गेलं का? तो म्हणाला, डेल्टिक. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, हसू दाबून का होईना, मी पुढचा प्रश्न विचारला: ‘‘एवढं काय होतं तिच्यात?’’

चिऊ, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपली तरी तो बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, डेल्टिक इंग्लिश इलेक्ट्रिकची, व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली. तुमच्या मुंबई-पुणे मार्गावरही इंग्लिश इलेक्ट्रिकची विजेची इंजिनं आहेत, १९५४-५५ ची, त्याच फाउंड्रीतली. डेक्कन क्वीनला लावतात. तू पाहिली असशील. नंबर काय त्यांचे?

मी त्या गाडीनं किती वेळा गेलो असेन! खंडाळ्याचा घाट पाहिला, कटलेट खाल्लं, जागेवरून भांडलो. इंजिनाकडे एकदाही मान वळवली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून दिसतं. राग नव्हता त्यात. कीव होती.

परत आल्यावर मी पुणे स्टेशनवर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो, नंबर उतरवून घेतला आणि त्याला पोस्टकार्ड टाकलं. आई तेव्हा नव्यानं घरात आलेली; तिला वाटलं, हे गाडी चुकवणार.

टीव्हीबद्दलही तू तक्रार केलीयस. ऑफिसात बजेटवर दोन मिनिटं बोलतात आणि ‘बेक ऑफ’ या केक-पावाच्या स्पर्धेत कुणाचा केक कोसळला यावर वीस मिनिटं. तू वीजवाल्याची मुलगी आहेस म्हणून तुला सांगतो, त्या देशात टीव्ही हा करमणुकीचा विषयच नाही, तो लोड डिस्पॅचचा, म्हणजे कधी किती वीज सोडायची याचा विषय आहे. आम्हाला पोफळीला कळव्याच्या लोड डिस्पॅच केंद्रातून फोन यायचा तो दिवेलागणीच्या भारासाठी. त्यांच्या ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर टीव्हीचं वेळापत्रक समोर ठेवून बसतात. का? तर मालिका संपली की अख्खा देश एकदम उठतो आणि विजेची किटली लावतो. एक किटली तीन किलोवॉटपर्यंत घेते. ४ जुलै १९९० ला वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं, आणि पुढच्या काही मिनिटांत २८०० मेगावॉटनं मागणी उसळली. आपलं अख्खं कोयना, सगळे टप्पे धरून, १९६० मेगावॉट आहे! म्हणजे कोयना पूर्ण झोकून दिलं असतं तरी त्या रात्री इंग्लंडचा चहा झाला नसता. वेल्समध्ये डिनॉर्विग म्हणून वीजघर आहे, डोंगराच्या पोटात, १९८४ पासून चालू. रात्री स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडायचं. यंत्रं फिरती ठेवलेली असली तर बारा सेकंदांत १३२० मेगावॉट. बारा सेकंद, चिऊ. त्या आकड्यावर मी अजून खूश होतो. जमलं तर बघून ये.

(त्या देशात विजेच्या मनोऱ्यांचे चाहते असलेली मंडळीही आहे, रीतसर सभासद वगैरे. मी तीस वर्षं मनोऱ्यांखाली काढली, आपल्याकडे त्यांच्याकडे कुणी बघितलं तर जमिनीचा मोबदला मागायलाच.)

मालिकांचं वेड तर विचारू नकोस. १९८३ च्या फेब्रुवारीत ‘कोरोनेशन स्ट्रीट’मधली डीअर्ड्री नवऱ्याला, केनला, सोडून माइककडे जाणार की नाही, यावर आमच्या कारखान्यात पैजा लागल्या होत्या. ती राहिली. त्या रात्री ओल्ड ट्रॅफर्डवर मॅच चालू होती, तिथल्या स्कोअरबोर्डवर झळकलं: केन १, माइक ०.

आणि ‘काउंटडाउन’. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं, त्याच दिवशी हा कार्यक्रमही. अजून चालू आहे, तुझ्या ऑफिसात कुणीतरी बघतच असेल. नऊ अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द, नाहीतर सहा आकड्यांतून एक संख्या, आणि वेळ तीस सेकंद. मी सकाळच्या पाळीहून आलो की बाई आणि मी बघायचो. अक्षरं त्यांची, आकडे माझे. समज, १००, २५, ८, ६, ३, २ आलेत आणि करायचेत ६४२. बाई घड्याळाकडे बघायच्या, मी छताकडे. १०० अधिक ८ अधिक २ वजा ३, झाले १०७, गुणिले ६. पंचवीस लागलाच नाही. जमलं की बाई सुईनं खुर्चीच्या हातावर टकटक करायच्या, तेच माझं बक्षीस. हल्ली जिंकणाऱ्याला तिथं चहाची किटली देतात म्हणे, लाखो पौंड नाही. आणि ती मिळावी म्हणून माणसं महिनोन्‌महिने डिक्शनरी पाठ करतात.

तुझ्या भागात पायाच्या अंगठ्यांची कुस्तीही होते, हे तुला कुणी सांगितलं का? सत्तरच्या दशकात आमच्या स्टॅफर्डशायरमधल्या वेटन गावच्या पबमध्ये सुरू झाली. ब्रिटिशांना जिंकता येईल असा एक तरी खेळ असावा म्हणून काढला, असं तेच सांगतात. बूट-मोजे काढायचे, अंगठ्यात अंगठा अडकवायचा, दुसऱ्याचा पाय पाडायचा. विश्वविजेतेपद असतं त्याचं. हसू आलं तर हस. त्यांना चालतं, कारण आपण हसण्यासारखं काहीतरी करतोय हे त्यांना आधीच ठाऊक असतं. फक्त हसून झाल्यावर पुढचा प्रश्न विचार. माझ्यासारखा शहाणपणा करू नकोस.

एक काम सांगतो. तुझ्या डर्बीहून वीस-बावीस किलोमीटरवर ॲशबोर्न नावाचं गाव आहे. ईस्टरच्या सत्तेचाळीस दिवस आधी जो मंगळवार येतो, त्या दिवशी आणि बुधवारी तिथं फुटबॉल खेळतात, म्हणजे त्याला ते फुटबॉल म्हणतात. मैदान म्हणजे सगळा गाव, नदीसकट. दोन गोल एकमेकांपासून तीन मैलांवर. नदीच्या वरच्या अंगाला जन्मलेले ते अपर्ड्‌स, खालच्या अंगाला जन्मलेले ते डाउनर्ड्‌स. लग्न करून कुठंही गेलं तरी बाजू बदलत नाही. अगदी आपल्याकडच्या वरची आळी, खालची आळीसारखं. दुपारी दोनला बॉल सोडतात, रात्री दहापर्यंत शेकडो माणसांचा एकच गठ्ठा त्याच्याभोवती वाफा टाकत फिरत असतो. बॉलमध्ये बुचाचा भुसा भरलेला, नदीत पडला तर तरंगावा म्हणून.

माझा जोडीदार खालच्या बाजूचा. १९८३ ला त्यानं मला बरोबर चल म्हणून तीनदा विचारलं. मी ओव्हरटाइम घेतला. साडेसात पौंड मिळाले असतील.

तुझ्या शेजारच्या टेबलावाल्याला विचार, यंदा कोणी जातंय का. जाणार असशील तर जुने बूट घाल, चिखल फार असतो. दुकानांना त्या दिवशी फळ्या ठोकलेल्या असतात, तेव्हा खायला बरोबर ने. आईनं पाठवलेलं भडंग उरलं असेल तर तेच ने, त्यांनाही दे, तिखट आहे एवढं आधी सांग. आणि तू कुठल्या बाजूची असं कुणी विचारलं, तर खालच्या म्हण.

तुझा,
बाबा