दवाखान्याचे जुने कागद रद्दीत घालू नका

नाशिककरांना नम्र आवाहन,

साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडते आणि ड्युटीचं जुनं वेळापत्रक, सिस्टरांबरोबरचा ग्रुप फोटो, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट असं काहीबाही बाहेर पडतं. ‘आता कोणाला हवंय हे?’ म्हणत ते रद्दीत जातं. आम्हाला हवंय. नाशिकची रुग्णालयं आणि वैद्यकीय शिक्षण यांच्या नात्याचा इतिहास आमचं मंडळ जमवत आहे. त्यासाठी कागद, आठवणी आणि पैसा, तिन्ही हवं आहे.

डॉक्टर घडतो तो रुग्णाच्या खाटेशेजारी. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय जोडीनेच सुरू झाले. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ चं, तर बी. जे. मेडिकल कॉलेज १९४६ चं. परळचं जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये उघडले. कॉलेजसाठी पैसा देणाऱ्या विश्वस्तांची अट होती की शिकवणारे भारतीयच असावेत. परकी सरकार असताना एका देणगीच्या कागदावर ही अट घालणं ही केवढी हिंमत! असे कागद जपले गेले म्हणून आज हे सांगता येतं.

आपल्या नाशिकचं काय? सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, आधीपासून होतं. आडगावला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये निघालं, आणि १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे स्थापन झालं. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्या गावातल्या विद्यापीठाला संलग्न आहेत, त्या गावाकडे स्वतःच्या रुग्णालयांची गोष्ट एकत्र लिहिलेली असायला नको का?

ही गोष्ट नुसत्या तारखांची नाही. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, सरकारी वैद्यकीय शिक्षण दुसऱ्याच खात्याचं. दोन्हीकडची माणसं एका वॉर्डात आली की खाट कोणाच्या युनिटची, राउंड आधी कोणाचा, औषधांच्या मागणीपत्रावर सही कोणाची, असे प्रश्न पडतात. शासन निर्णयात एवढं बारीक कोण लिहितो? ते रोजच्या रोज सोडवतात सिस्टर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), भांडारातले कारकून. २०२० च्या नियमांनी एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायचं ठरलं, तेव्हा या नात्याला आणखी एक वळण मिळालं. त्याचीही नोंद आत्ताच व्हायला हवी.

म्हणून ड्युटी-याद्या, बदलीचे आदेश, निरोप समारंभाचे फोटो, वसतिगृहाच्या पावत्या, जे असेल ते द्या. निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, मावशी, मानद म्हणून काम केलेले डॉक्टर यांनी जरूर बोलावं. मोठ्या साहेबांची भाषणं कुठे ना कुठे छापून येतात, यांचं बोलणं मात्र यांच्याबरोबरच जातं. प्रवास जमत नसेल तर आम्ही घरी येऊ.

रुग्णांचे केसपेपर मात्र देऊ नका. इतर कागदांत कुठे रुग्णाचं नाव आलं तर ते झाकूनच प्रत ठेवू.

जमा झालेला पैसा स्कॅनर, कागद टिकवणाऱ्या फाइली आणि मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणावर खर्च होईल. रक्कम लहान असली तरी पावती मिळेल आणि हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवू. मूळ कागद परत हवे असतील तर देतानाच तसं लिहून द्या, स्कॅन झाल्यावर घरपोच आणून देऊ. फोटोच्या मागे पेन्सिलीने माणसांची नावं आणि आठवत असेल तर साल लिहायला विसरू नका.