आमचा कॅटलॉग सावरणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. ज्या अडचणीतून तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत, ती ऑनलाइन विक्री करणाऱ्या आणखी कितीतरी पुस्तकवाल्यांना छळत असणार.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साताऱ्यातल्या आमच्या दुकानाचा सगळा हिशोब बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असतो. रोज रात्री त्यातून एक सीएसव्ही फाईल (साध्या मजकुरातला तक्ता) काढायची, नव्या सवलती त्यात भरायच्या आणि ती वेबसाइटला द्यायची. वेबसाइट त्यावरून किमती आणि स्टॉक बदलते. यालाच सिंक म्हणायचं. गणपती झाले, दिवाळी अंकांचं आगाऊ बुकिंग सुरू झालं आणि ऐन हंगामात सगळं विस्कटलं. संपलेली पुस्तकं साइटवर शिल्लक दिसू लागली, कपाटात असलेली ‘उपलब्ध नाही’ झाली. एका कादंबरीला पाककृतींच्या पुस्तकाची किंमत लागली. लोक पैसे भरत होते आणि आम्ही फोन करून ते परत देत होतो. तुमचीही ऑर्डर अशीच रद्द झाली. तुम्ही रागावला नाहीत. “साइटच्या लॉगमध्ये काय येतंय?” एवढंच विचारलंत आणि रविवारी पुण्याहून थेट दुकानात आलात.

लॉगमध्ये, म्हणजे साइट आपोआप ठेवते त्या नोंदवहीत, ‘डुप्लिकेट एसकेयू’ (वस्तूचा ओळख-कोड दुबार आलाय) ही एकच तक्रार पानंच्या पानं होती. तोवर ज्याला विचारावं तो सांगत होता, सगळा कॅटलॉग उडवा आणि नव्याने चढवा. तुम्ही त्याला साफ नकार दिलात. प्रत्येक नोंदीला वाचकांचे अभिप्राय, जुन्या ऑर्डरी, आगाऊ बुकिंग, लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या लिंक हे सगळं जोडलेलं असतं. नोंद पुसली की तेही गेलं, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. आधी सिंक बंद, मग बॅकअप, मग शोध. त्या क्रमानेच आमची दिवाळी वाचली.

नंतरचा तासभर मी कधी विसरणार नाही. नोंदी करणाऱ्या आमच्या काकांना तुम्ही म्हणालात, “काका, तुम्ही मलपृष्ठावरचा नंबर वाचा, मी फाईलमधला बघते.” काका एकेक पुस्तक हातात घेऊन आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, तेराच्या तेरा आकडे वाचत होते आणि तुमच्या स्क्रीनवर मात्र पुस्तकामागून पुस्तक तोच नंबर येत होता: 9788170000000. सवलती भरायला फाईल स्प्रेडशीटमध्ये उघडली की तिथे एवढा लांब आकडा 9.78817E+12 असा आखडून दिसतो, आणि सीएसव्ही जतन करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं. मागचे सात आकडे कायमचे जातात. भारतातल्या पुस्तकांचे नंबर बहुतेक 97881 किंवा 97893 ने सुरू होतात, त्यामुळे पहिले सहा आकडे सारखे असलेली आमची ढीगभर पुस्तकं वेबसाइटच्या लेखी एकच पुस्तक झाली होती.

मग तुम्ही कागद ओढलात. आयएसबीएनचे आकडे आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणायचे, बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला तरच नंबर खरा. स्क्रीनवरच्या त्या नंबरची बेरीज 84, म्हणजे नंबर खोटा. काकांचा चेहरा असा खुलला! मूळ नंबर बिलिंगमध्ये शाबूत होते. तिथून नवी फाईल काढून तो कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करायचं काम तुम्ही काकांकडूनच करून घेतलंत, त्यांच्या वेगाने. आता बेरीज न जुळणारी ओळ साइटपर्यंत पोचतच नाही, ती आधीच बाजूला पडते.

उरली जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक. त्यांना आयएसबीएन नाही, म्हणून साइट त्यांची जुळणी शीर्षकावरून करत होती. तिथे ‘ॲ’ने सुरू होणारी पुस्तकं दोनदोनदा उमटलेली. हे अक्षर ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येतं आणि 2008 पासून युनिकोडमध्ये (संगणकासाठीच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) त्याला स्वतःची स्वतंत्र जागाही आहे. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला वेगळी. इंग्रजी पुस्तकं विकणाऱ्याला हा प्रश्न कधी पडणारही नाही. मराठीच्या वाट्याला आलेली ही गोष्ट इतक्या आस्थेने उकलणारं माणूस आम्हाला भेटलं, याचं मोल फार आहे.

अंकांचं दुखणं वेगळंच. नाव दरवर्षी तेच, त्यामुळे यंदाच्या अंकाने गेल्या वर्षीची नोंद झाकून टाकलेली. त्यावर तुम्ही सुचवलेला उपाय मला सगळ्यात मोलाचा वाटतो: ओळख नावावर नको आणि आयएसबीएनवरही नको. (काही प्रकाशकांनी पुठ्ठा बांधणी आणि साध्या बांधणीला एकच नंबर छापलाय, ते त्याच दिवशी कळलं.) प्रत्येक वस्तूला दुकानाचा स्वतःचा कोड, अक्षराने सुरू होणारा, म्हणजे स्प्रेडशीट त्याला आकडा समजणार नाही, अंकाच्या कोडमध्ये वर्ष, आणि एकदा दिलेला कोड पुस्तक संपलं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. आधी मोजक्या पुस्तकांवर सिंक चालवून बघितलंत, दुसऱ्या दिवशी फोनवर लॉग वाचून घेतलात आणि मगच बाकीच्यांना हिरवा कंदील दिलात.

पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही चहा मागितलात. आकडे तपासणारी ती छोटी फाईल इतर दुकानदारांना खुशाल द्या, असंही सांगितलंत. त्याप्रमाणे ओळखीतल्या पुस्तकवाल्यांना ती पाठवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी दुकानात येऊन न्यावी, कशी वापरायची ते काका बसवून दाखवतात.

तुमचं रद्द झालेलं पुस्तक प्रकाशकाकडून मागवून घेतलं आहे. सोबत यंदाच्या अंकांचा संच बांधून ठेवलाय. त्याचं बिल होणार नाही, आणि या बाबतीत आम्ही तुमचं ऐकणार नाही.

आपली,
दुकानातली सगळी मंडळी