गणपतराव देशमुख यांची जन्मशताब्दी आणि पाणी परिषदेचे कागद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सांगोला विधानसभा मतदारसंघातून अकरा वेळा निवडून गेलेले शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते भाई गणपतराव देशमुख यांच्या जन्माला १० ऑगस्ट २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्वच वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी आदराने लिहिले होते. त्या लेखनात एस. टी.ने प्रवास करणारा आमदार, एकाच पक्षात आयुष्य काढलेला नेता, पैशाशिवाय निवडणूक जिंकणारा माणूस हे वर्णन पुन्हा पुन्हा येत होते. ते खरेच आहे, आणि आजच्या काळात त्याचे अप्रूप वाटावे हेही स्वाभाविक आहे. परंतु सांगोला तालुक्यात जन्मलेला आणि येथेच शिक्षक म्हणून नोकरी केलेला मनुष्य या नात्याने मला असे वाटते की, आबासाहेबांच्या, म्हणजे गणपतरावांच्या, साधेपणाच्या आठवणींखाली त्यांचे मूळ काम झाकले जात आहे. ते काम पाण्याचे होते, आणि शताब्दीच्या निमित्ताने त्याची नीट नोंद व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

१९६२ साली ते प्रथम विधानसभेवर गेले. १९७२ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी तो दुष्काळ पडला, ज्याची आठवण आमच्या घरात अजून निघते. माझी आई खडी फोडायला जात असे. मस्टरवर अंगठा, आठवड्याचा पगार, खाण्यास सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी), अशी ती वर्षे होती. डाव्या पक्षांनी त्या काळात कामासाठी आणि पुऱ्या मजुरीसाठी जी आंदोलने केली, त्यांत त्यांचा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आघाडीवर होता. मागेल त्याला काम देण्याची योजना पुढे कायद्याच्या रूपात आली, त्यामागे शासनाच्या दूरदृष्टीइतकाच या मजुरांच्या मोर्चांचाही वाटा आहे. १९७४ च्या पोटनिवडणुकीत आबासाहेब पुन्हा निवडून आले.

याच रोजगार हमीला १९९० मध्ये फळबाग लागवडीची जोड मिळाली. स्वतःच्या शेतात खड्डे खोदण्याची मजुरी आणि रोपांचा खर्च शासन देऊ लागले, आणि ज्या माळावर बाजरी व मटकीपलीकडे काही येत नव्हते, तेथे डाळिंब उभे राहिले. माझ्या वडिलांनीही तेव्हा बाग लावली. सांगोल्याचे डाळिंब आज बाजारात नावाने विकले जाते. पुढे तेल्या रोगाने अनेक बागा काढाव्या लागल्या, तो भाग वेगळा. तरीही रोजगार हमीच्या पैशातून कायमची मालमत्ता उभी राहू शकते, हे आमच्या तालुक्याने दाखवून दिले. या तालुक्यात कापूस पिकत नाही, तरी येथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि नावारूपाला आली, हेही येथे नमूद केले पाहिजे, कारण कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला गावाजवळ बारमाही काम मिळाले ते तिच्यामुळे.

मात्र झाडाला पाणी लागतेच. नीरा उजव्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाला किती आणि केव्हा पोहोचते, हे सांगोल्याच्या शेतकऱ्याला कोणी सांगण्याची गरज नाही. माण नदी वर्षातील बहुतेक महिने कोरडी असते. अशा परिस्थितीत १९९३ साली आटपाडी येथे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळग्रस्तांची पाणी परिषद भरवली. नागनाथअण्णा वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठच्या बागायती गावचे. ज्यांच्या दारातून नदी वाहते त्यांनी, ज्यांच्याकडे नदी नाही त्यांच्या पाण्यासाठी झटावे, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुके या चळवळीत एकत्र आले. कृष्णेच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी करणाऱ्या बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातील ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले होते आणि २००० सालानंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. त्याआधी आपल्या हिश्शाचे पाणी अडवले नाही तर पुढच्या पिढ्यांना तोंड दाखवता येणार नाही, हे परिषदेने गावोगाव समजावून सांगितले. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू उपसा सिंचन योजनेलाही मंजुरी मिळाली. कराडजवळ कृष्णेतून उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणण्याची ही योजना ऐकताना तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होती, आणि ती पूर्ण होण्यास खरोखरच अनेक वर्षे लागली.

या काळातील एक बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. १९९५ च्या निवडणुकीत आबासाहेब दोनशेपेक्षाही कमी मतांनी पराभूत झाले. पाण्याची चळवळ ऐन भरात असताना त्यांच्याकडे आमदारकीही नव्हती. तरीही परिषदा भरत राहिल्या, ठराव होत राहिले, मंत्रालयातील पाठपुरावा सुटला नाही. १९९९ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले आणि ते मंत्रीही झाले. पाणी केवळ धरणाखालच्या शेतकऱ्याला न मिळता खोऱ्यातील प्रत्येक कुटुंबाला समन्यायी वाटपाने मिळावे, ही परिषदेची मागणी त्या वेळच्या कोणत्याही मोठ्या पक्षाच्या कार्यक्रमाच्या पुढची होती. आटपाडी भागात बंद नळीतून पाणी वाटण्याचा जो विचार पुढे आला, त्याचे मूळ या मागणीतच आहे.

हा सर्व इतिहास कोठे लिहिलेला आहे? विधानसभेतील भाषणे कार्यवृत्तांतात आहेत, पण ती विषयवार संकलित होऊन सामान्य वाचकाच्या हाती आली पाहिजेत. पाणी परिषदेची हस्तपत्रके, ठरावांच्या प्रती, गावसभांची टिपणे, शासनाला दिलेली निवेदने ही तर कार्यकर्त्यांच्या घरी, माळ्यावरच्या पेट्यांत पडून आहेत. त्यातील बरेच कार्यकर्ते आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत, काही गेले. वाळवी आणि घराची डागडुजी या दोन कारणांनी किती कागद नष्ट होतात, हे मी माझ्या शाळेच्या जुन्या दप्तरावरून जाणतो.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने माझी विनंती अशी आहे. पुतळा, चौक, स्वागतकमान यांना माझा विरोध नाही. परंतु विधिमंडळाने त्यांच्या पाणी, रोजगार हमी आणि सहकार या विषयांवरील भाषणांचा खंड प्रसिद्ध करावा, सोलापूर आणि कोल्हापूर येथील विद्यापीठांनी तेरा तालुक्यांत फिरून परिषदेची कागदपत्रे जमा करावीत, त्यांच्या प्रती काढून मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यावेत, आणि हयात कार्यकर्त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. या कामाला फार मोठा निधी लागणार नाही. चार-पाच विद्यार्थी, एक चांगला मार्गदर्शक आणि एक वर्षाचा काळ पुरेसा आहे. आपल्या वृत्तपत्राने वाचकांना आवाहन केले, तर पुष्कळ कागद आपणहून पुढे येतील.

माझ्याकडे १९९३ नंतरच्या परिषदांची काही पत्रके आणि वडिलांच्या फळबागेची मंजुरीची कागदपत्रे आहेत. जी संस्था हे काम हाती घेईल, तिला ती मी स्वतः नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. सांगोला, जि. सोलापूर