टेस्टर पेटतो, मिक्सर फिरत नाही

ओट्याजवळचा बोर्ड बंद पडला तेव्हा मदतीला आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या मजल्यावरच्या काकांनी आधी मिक्सर दुसऱ्या खोलीत लावून बघायला सांगितलं. तो फिरला, म्हणजे दोष बोर्डातच. एमसीबी (बिघाड झाला की आपोआप खाली पडणारा स्विच) वर होता, टेस्टरही पेटत होता. इथे सगळ्यांचीच गाडी अडली.

कोडं सोडवलं हार्डवेअरच्या दुकानात भेटलेल्या वायरमनदादांनी. टेस्टर पेटला म्हणजे फेज (वीज आणणारी वायर) आहे एवढंच कळतं. न्यूट्रल (विजेच्या परतीची वायर) तुटली असेल तर त्याचा पत्ता लागत नाही. मिक्सर लावून बटण चालू ठेवलं आणि शेजारच्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर न्यूट्रल गेली समजायची. नेमकं तेच निघालं! बंद वाटणाऱ्या बोर्डात २३० व्होल्ट दोन्हीकडे, हे ऐकून काकूंनी मुलांना बाहेर पिटाळलं, त्यांचेही आभार.

दादांनी मेन स्विच बंद करून प्लेट उघडली. न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरचं टोक जळून काळं. टोक कापून त्यांनी नवा सॉकेट बसवला आणि पैसे घेतले फक्त सॉकेटचे. चहासुद्धा उभ्याउभ्याच. दादा, पुन्हा याल तेव्हा बसून घ्या.