पिंप्राळ्याच्या मावशींना, अक्कलदाढेच्या त्या दिवसांसाठी

मावशी, समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "राहू दे गं, त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी होती. ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्सरेत दिसत होतं की ती पुढच्या दाढेला टेकून झोपलीय, मग हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढावी लागली आणि वर टाके. तारीख मिळाली ती नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पाच दिवस आधीची, गावी शिरपूरकडे माय वाट बघत होती, तिच्या गुडघ्यांमुळे तिला जळगावला येणं जमणार नव्हतं, आणि मी रिक्षातून उतरले तेव्हा अर्धा ओठ बधिर, तोंडात कापसाचा बोळा, शब्द फुटेना. तुम्ही गेटवरच उभ्या होत्या. "काय व्हयनं माय, दे ती पिशवी" एवढंच म्हणालात आणि डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद माझ्या हातातून काढून घेतला.

मला खरं म्हणजे त्या कागदासाठीच आभार मानायचेत. मी तो पर्समध्ये कोंबून विसरले असते, तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचला आणि फ्रिजच्या दाराला चिकटवला. बोळा तासभर घट्ट दाबून धरायचा, थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, कारण दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते ना तीच आतल्या हाडावरचं झाकण असते, ती निघाली की हाड उघडं पडतं आणि मग जे दुखतं ते कानापर्यंत जातं. ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. तुम्हाला ते माहीत होतं कारण तुमच्या सासूबाईंनी दाढ काढल्यावर संध्याकाळीच मिसरी लावली होती आणि तिसऱ्या दिवसापासून रात्र रात्र बसून काढली होती. म्हणून मी थुंकायला बेसिनकडे निघाले की तुम्ही मागून, "थुकू नको, गिळी ले." लाळ गुलाबी यायची, मला वाटायचं रक्त थांबतच नाहीये, तुम्ही उशीवर जुना टॉवेल टाकला, डोक्याखाली दोन उशा दिल्या आणि म्हणालात की पहिल्या दिवशी लाळेत थोडं मिसळून येतंच, भळाभळा आलं तर लगेच डॉक्टरांना फोन लावू. आणि भूल उतरायच्या आधीच दुखण्याची गोळी दिलीत, कागदावर तसंच लिहिलेलं होतं. ओठ पूर्ण जागा होईपर्यंत खायला मात्र दिलं नाहीत, नाहीतर मी गाल चावला असता आणि कळलंही नसतं.

बर्फाचं तर मी कधीच विसरणार नाही. वीस मिनिटं गालावर, वीस मिनिटं बाजूला, असं दिवसभर. बाहेर ऊन असं की अंगाची लाही होत होती आणि दुपारी लाईट गेली, फ्रिजमधला बर्फ पाणी झाला, तर तुम्ही डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान पोरं खातात त्या पेप्सीकोलाच्या आठ-दहा कांड्या आणल्यात, रुमालात गुंडाळून माझ्या गालाला धरल्यात. त्या उन्हात. तुम्हाला बीपीचा त्रास आहे हे मला माहीत आहे मावशी.

सल्ले देणारेही भरपूर आले. कुणी म्हणे मिसरी दाब, कुणी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेव, कुणी तर पहिल्याच संध्याकाळी तव्यावर फडकं तापवून शेकायला निघालं होतं. सगळे मायेनेच सांगत होते, पण तुम्ही दारातच, "कागदावर नाही ते करायचं नाही." मला त्या वेळी जबडा उघडून एवढं बोलणंही शक्य नव्हतं.

मिठाचं कोमट पाणी दुसऱ्या दिवशीपासून, तेही खळखळ न करता, तोंडात घोळवायचं आणि मान खाली करून आपोआप पडू द्यायचं. जेवायला गार दही, कुस्करलेलं केळ, मग मऊ मुगाची खिचडी, तीही निववून. घरात त्या दिवशी शेवभाजी होती, तुम्ही माझ्यासमोर जेवला नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन जेवलात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर गाल एवढा सुजलेला की डोळा बारीक दिसत होता, मी रडायलाच लागले, वाटलं काहीतरी बिघडलं. तुम्ही मला फ्रिजसमोर नेऊन बोट ठेवून वाचायला लावलंत: सूज दोन-तीन दिवस वाढते, मग उतरते. आणि खरंच उतरायला लागली. चौथ्या दिवशी तिथे ठणकायला लागलं तेव्हा मात्र "बघू उद्या" म्हणाला नाहीत, स्कूटीवर बसवून थेट दवाखान्यात. गुठळी जागेवर होती, खिचडीचे कण अडकलेले होते, डॉक्टरांनी धुऊन दिलं, दहा मिनिटांचं काम. बरं वाटायला लागल्यावर मी अँटिबायोटिक सोडणार होते, ते तुम्ही पाचही दिवस समोर उभं राहून गिळायला लावलंत.

आखाजीला मी गावी गेले नाही. खाली अंगणात झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या, घराघरात पुरण शिजल्याचा वास, मला मायची फार आठवण येत होती. तुम्ही आमरस गाळून, गार करून डब्यात आणलात, सोबत चमचा, आणि मायला व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलात. ती तिकडे जेवत होती, मी इकडे रस खात होते. माय नंतर मला म्हणाली, त्या बाईचे पाय धर.

टाके निघाले, तोंड आता दोन बोटं सहज उघडतं. उजवी दाढ दिवाळीनंतर काढायची ठरलीय आणि तो कागद मी फ्रिजवरून काढलेला नाही. तुमचा आमरसाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. मायने सांगितलंय रिकामा द्यायचा नाही, येत्या रविवारी गावी जातेय, तिने बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करून ठेवल्यात, त्या भरून आणते.

तुमची,
वरच्या खोलीतली पोरगी