इन्फोग्राफिकच्या साधनांचा तक्ता करून देणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

संगणक कक्षाचं रोजचं काम सांभाळून तुम्ही आम्हा विषयशिक्षकांना इन्फोग्राफिकच्या (माहिती आणि आकडे चित्र-आलेखांतून मांडणाऱ्या पानाच्या) साधनांचा तुलना-तक्ता करून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण तक्ता कुठल्याही शाळेला उपयोगी पडेल आणि तो करण्याची तुमची पद्धत त्याहूनही जास्त.

साधनांच्या तुलना पैशाला पासरी मिळतात. टेम्प्लेट किती, आयकॉन किती, चार्टचे प्रकार किती, एवढं त्यांत मोजलेलं असतं. तुम्ही पहिला रकाना ठेवलात 'मुलाच्या हातात घरी काय आहे' हा, आणि तिथेच सगळी क्रमवारी बदलली. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या डिसेंबर २०२० च्या अहवालात जगातल्या ३ ते १७ वयाच्या दोन तृतीयांश मुलांच्या, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नसल्याचं म्हटलं होतं. पण 'आहे' आणि 'नाही' यांच्यामध्येही बऱ्याच पायऱ्या असतात, आणि तुमची प्रश्नावली नेमकी त्यांवर बोट ठेवते. घरी इंटरनेट आहे का, असं ती विचारत नाही. फोन कुणाचा? तो किती भावंडांत वाटून घ्यावा लागतो? दिवसातून कधी हातात येतो आणि सलग किती मिनिटं? त्यात नवं ॲप टाकायला जागा उरली आहे का? डेटा रोजच्या पॅकचा की वायफायचा? मुलाचं स्वतःचं ई-मेल खातं आहे का? उत्तरं कागदावर, घडी घालून घ्यायची आणि वर्गात मोठ्याने वाचायची नाहीत, ही अट तुम्ही सुरुवातीलाच घातलीत. हात वर करायला सांगितलं की ज्याच्याकडे काही नाही तोही हात वर करतो. त्यामुळे ही अट प्रश्नांइतकीच मोलाची.

साधन 'जड' की 'हलकं' हे मोजायची तुमची रीत तर प्रत्येक शिक्षकाने शिकावी अशी आहे. कॉम्प्युटरवर क्रोम उघडायचा, एफ-१२ दाबायचं, 'नेटवर्क'मध्ये जाऊन 'डिसेबल कॅश'वर (कॅश म्हणजे आधी उतरलेल्या फाइलींचा साठा) खूण करायची, वेगाच्या यादीतून ३जी निवडायचं आणि साधनाचं पान पुन्हा लोड करायचं. किती डेटा उतरला आणि किती वेळ लागला ते खालच्या पट्टीवर दिसतं. मग 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचा वेग सहापट कमी करून तीच चाचणी पुन्हा घ्यायची. शाळेच्या चांगल्या मशीनवरच स्वस्त फोनची कल्पना येते. कॅश बंद आणि कॅश चालू असे दोन आकडे वेगळे लिहायचा तुमचा आग्रहही योग्यच. पहिल्यांदा उघडताना संपादकाचा सगळा कोड आणि फॉन्ट उतरतात, दुसऱ्यांदा त्यातला बराच भाग साठवलेला असतो. त्यानंतरही डेटा खाते ती टेम्प्लेटची गॅलरी, कारण मूल जसजसं खाली सरकतं तसतशी नवनवी छोटी चित्रं उतरत राहतात. म्हणून 'एखादं छान टेम्प्लेट शोधा' असं सांगण्याऐवजी एकाच टेम्प्लेटची थेट लिंक द्यायची, ही तुमची सूचना आम्ही लगेच उचलली.

'काम गेलं' म्हणणाऱ्या मुलाकडे संशयाने न पाहता कारण तपासायला तुम्ही शिकवलंत. कमी रॅमच्या फोनवर कॉल आला किंवा दुसरं ॲप उघडलं, की अँड्रॉइड मागचा टॅब बंद करतं. परत आलं की पान नव्याने लोड होतं. आपोआप सेव्ह होण्यासाठी त्या क्षणी नेटवर्क लागतं. ते नसेल तर शेवटचे बदल जातात. यात मुलाचा हलगर्जीपणा कुठेच नसतो.

आता खुद्द साधनांबद्दल. कॅनव्हाचं ॲप फोनवर नीट चालतं आणि बहुतेक मुलांना ते आधीच ठाऊक असतं. पण मोफत आणि पैशाचे घटक एकाच गॅलरीत शेजारी शेजारी असतात. पैशाचा घटक वापरला की त्यावर वॉटरमार्क राहतो, आणि ते बरेचदा डाउनलोड करतानाच मुलाच्या लक्षात येतं. पात्र शिक्षकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक आवृत्ती मोफत मिळते, मात्र शिक्षकाला पडताळणी करून घ्यावी लागते. ती काम देण्याआधी उरकायची, नंतर नाही. पिक्टोचार्ट, व्हेंगेज आणि इन्फोग्राम ही आकडेवारीसाठी अधिक नेटकी साधनं आहेत, पण ती मोठ्या पडद्यावरच सुखाने वापरता येतात. शिवाय मोफत खात्याची मेख शेवटी कळते. उदाहरणार्थ, इन्फोग्राममध्ये मोफत खात्यातून काम वेबवर सर्वांसमोर प्रकाशित करता येतं, फाइल उतरवायला मात्र पैसे लागतात. अल्पवयीन मुलाचं काम नावासकट जाहीर व्हायला नको, म्हणून ते फक्त कक्षात शिक्षकाच्या खात्यातून वापरायचं, हा तुमचा शेरा आम्हाला पूर्ण पटतो.

घरी करायच्या कामासाठी तुम्ही गुगल स्लाइड्सला वर ठेवलंत. कारण साधं आहे. नेट असताना फाइल 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवली की पुढचं काम नेटशिवाय होतं. पानाचा आकार शिक्षकाने कॉम्प्युटरवर आधीच ए-४ उभा करून द्यायचा आणि लिंकच्या शेवटी 'एडिट'पासून पुढचं काढून 'कॉपी' लिहायचं, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते. घरी जुना कॉम्प्युटर आहे पण नेट नाही, अशांसाठी लिबरऑफिस ड्रॉ. खातं नाही, वर्गणी नाही, पेन ड्राइव्हवरूनही चालवता येतं. इंकस्केप हे चित्र रेखाटण्याचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण पहिल्या इन्फोग्राफिकसाठी नको.

आणि कागद! तक्त्यात कागदाला बाकी साधनांच्या बरोबरीची स्वतंत्र ओळ दिलीत, याचे आभार सगळ्यात जास्त. मिलिमीटरच्या आलेखकागदावर सर्वांत मोठी किंमत ८४ असेल तर १ एकक म्हणजे २ मिमी धरायचं. उंच स्तंभ १६८ मिमीचा होतो. आलेखाला १८० मिमी दिले तरी मथळा, स्रोत आणि दोन टिपांना पुरेशी जागा उरते. पेन्सिलीची रेघ फोटोत उमटत नाही, म्हणून शेवटी काळं पेन. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून. असा कागद स्क्रीनवरच्या इन्फोग्राफिकशेजारी लावला तरी कमी पडत नाही, कारण २० गुणांची वाटणी तुम्ही तशीच बसवलीत: प्रश्न आणि स्रोत ६, योग्य आलेख आणि शून्यापासून सुरू होणारा अक्ष ६, मोजका मजकूर ४, वाचनीयता ४. टेम्प्लेटच्या चकचकाटाला काहीच नाही. चित्राची उंची प्रमाण राखून दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि आकडा फुगलेला दिसतो. ही चूक विकतच्या टेम्प्लेटमध्येही सर्रास असते, आणि हाताने मोजून काढणारं मूल ती लवकर पकडतं.

छपाईच्या टिपाही फार कामी आल्या. ८०० पिक्सेल रुंदीचं लांबलचक चित्र ए-४ वर छापलं की इंचाला जेमतेम ९७ ठिपके पडतात आणि बारीक अक्षर फुटतं. भिंतीवर लावायला १२४० बाय १७५४ पिक्सेल चालतं, हातात धरून वाचायला २४८० बाय ३५०८ हवं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचं. दुसऱ्या मशीनवर फॉन्ट बदलून ओळी सरकू नयेत म्हणून पीडीएफ, आणि दोन्हीकडे नोटो किंवा मुक्ता हे फॉन्ट.

गटकामाबद्दलची तुमची सूचना मात्र आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. ज्याच्या घरी लॅपटॉप तोच दर वेळी 'डिझायनर' होतो आणि बाकीचे त्याला आकडे पुरवतात. गटाचं काम देखणं दिसतं, पण साधन एकच मूल शिकतं. म्हणून माहिती शोधणं आणि अंतिम डाउनलोड ही नेटची कामं शाळेच्या तासात, कच्चा आराखडा आणि मजकूर घरी कागदावर, आणि माउस कुणाच्या हातात हे दर कामाला बदलायचं. यामुळे तुमच्या कक्षावर ताण येतो. तरी मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तुम्ही तो उघडा ठेवता, हे आम्ही पाहतो आहोत.

मोफत योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून तक्त्यात 'तपासल्याची तारीख' हा रकाना तुम्ही ठेवला आहे. पुढच्या सत्रापासून तो भरायचं काम आम्ही वाटून घेतलं आहे, प्रत्येकाकडे एक साधन. लोड-वेळेचे आकडे तेवढे तुमच्या नजरेखालून गेले तर बरं होईल.

तुमचे,
विषयशिक्षक